मी खंडोजीरावांना कसं पुसलं

हसू आलं तर हसा, मी अडवणार नाही. पण मधेच उठून जाऊ नका. कारण दोन सख्खे भाऊ अकरा वर्षांनी एकमेकांच्या जवळ आले होते, आणि मी एका फोटोने त्यांना पुन्हा लांब नेऊन ठेवलं. मुद्दाम नाही हो! हौसेनं. आणि हौसेनं केलेली घाण निस्तरायला फार वेळ लागतो, हे मी अनुभवावरून सांगतो.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी बंगळूरला आलो, आणि बनशंकरीत एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मी आणि माझी बायको मधुरा. खाली घरमालक राहतात, मानोजीराव आणि रत्नाक्का. नावं मराठी, घरातली बोली मराठी, पण पणजोबांच्याही आधीपासून इथलेच. त्यांच्या मराठीत 'थोडं' नसतं, 'स्वल्प' असतं. 'बरं' नसतं, 'सरी' असतं. मानोजीरावांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही अण्णा.

आणि मला फिल्मवर फोटो काढायचा नाद.

तोही साधा नाद नाही. माझ्याकडे जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघत नाहीत. लेन्सच्या वर एका कोपऱ्यात छोटी काचेची खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की नेम लागला. खिडकीतून पुढचं-मागचं सगळं स्वच्छ दिसतं. फोटोत काय येणार ते मात्र फिल्म धुऊन आल्यावरच कळतं.

त्यावर माझी लेन्स, एक पॉइंट एकची! म्हणजे भोक एवढं मोठं, की देवघरातल्या समईच्या उजेडातसुद्धा फोटो निघावा. या मोठ्या भोकाची खोड अशी की नेम धरला तेवढंच स्पष्ट येतं. डोळ्याच्या पापण्या मोजून घ्या, पण त्याच माणसाचा कान धूसर. आणि मागचं? मागचे दिवे, झाडं, माणसं, सगळं लोण्यासारखं वितळतं. आम्ही वेडे लोक त्या वितळण्यासाठीच तर असली लेन्स घेतो. तिची किंमत मला विचारू नका. मधुरानं अजून विचारलेली नाही, तुम्ही कशाला विचारता?

त्या मागच्या धूसरपणाला आमच्या मंडळीत 'बोके' म्हणतात. मूळ जपानी शब्द आहे. पण हे रत्नाक्कांना कुठून ठाऊक असणार?

एकदा मी जिन्यात उभा राहून मित्राशी फोनवर बोलत होतो. "अरे, घरी येऊन माझे बोके बघ एकदा. इतके मऊ बोके अख्ख्या बंगळुरात कुणाकडे नसतील!"

संध्याकाळी रत्नाक्का वर आल्या. चपला काढल्या, पण बसल्या नाहीत.

"नितीन, किती आहेत?"

"काय किती, अक्का?"

"बोके. घर देतानाच म्हटलं होतं मी, जनावर बेडा. एक पण नको."

"अक्का, ते बोके म्हणजे मांजरं नव्हेत..."

"मग काय कुत्र्यांना म्हणतात पुण्यात?" असं म्हणत त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं. मधुरा स्वयंपाकघरात तोंडावर पदर, म्हणजे ओढणी, धरून उभी.

शेवटी मी फोटोंचा गठ्ठा काढून दाखवला. अक्का एकेक फोटो लांब धरून बघत होत्या. "हे मागचं असं धुक्यासारखं, ते चुकून नाही?"

"छे! मुद्दाम करतो मी."

"मुद्दाम?"

"मुद्दाम, अक्का. त्यातच तर कला आहे."

"सरी," म्हणून त्या खाली गेल्या. माझं ते 'मुद्दाम' त्यांनी नीट लक्षात ठेवलं. पुढे त्याच शब्दानं माझा घात केला.

त्याच वर्षी अण्णांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. घरीच कार्यक्रम ठरला. सकाळी होम, मग अण्णांना ऐंशी दिव्यांनी ओवाळायचं, मग जेवण. पण घरात खरी धांदल वेगळ्याच गोष्टीची होती. अण्णांचे धाकटे भाऊ खंडोजीराव येणार होते.

हे खंडोजीराव बोम्मसंद्र्याला राहतात. तिथे त्यांचा लेथ मशिनचा छोटा कारखाना आहे. अकरा वर्षांपूर्वी या दोघांची आई गेली. अण्णा म्हणतात, आई अत्यवस्थ झाल्यावर मी खंडूला तीनदा फोन केला. खंडोजीराव म्हणत, एकदाही नाही. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचं शेवटचं तोंड त्यांना दिसलं नाही. त्या दिवशी ते दारातूनच परत फिरले, आणि पुन्हा या घराची पायरी चढले नाहीत.

आता त्यांची मुलगी सुमा मधे पडली होती. तिने दोन्हीकडे विनवण्या करून वडिलांना तयार केलं होतं. आदल्या आठवड्यात अण्णा रोज विचारायचे, "खंडू येतो म्हणाला नं? नक्की?" ऐंशी वर्षांचा माणूस, पण तो प्रश्न विचारताना दहा वर्षांचा वाटायचा.

अशा प्रसंगी शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसावं, जेवावं, नमस्कार करून वर जावं. मी काय केलं? अक्कांनी फोटोग्राफर ठरवला होता, त्याला नको म्हणून सांगायला लावलं!

"अक्का, तो फ्लॅश मारून सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक करील. दिव्यांच्या उजेडातले फोटो काढायला माझीच लेन्स हवी. मी घरचाच आहे की."

"जमेल नं तुला? सगळे येणार आहेत. परत कधी असे येतील, देवाला ठाऊक."

"अक्का, तुम्ही बघाच!"

बघितलं हो त्यांनी. सगळ्यांनीच बघितलं.

खंडोजीराव आले. बुटके, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या झुपकेदार मिश्या, कोरा करकरीत शर्ट. दारात घुटमळले. अण्णा खुर्चीतून उठायला लागले तशी त्यांनी पटकन पुढे होऊन पाय धरले. अक्कांनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "काफी घेणार नं, खंडू?"

ओवाळणं झालं. मग मी सूत्रं हातात घेतली. माझा आवाज चढला, हे मधुराने मला नंतर सांगितलं.

"सगळ्यांनी मोबाइल खिशात ठेवा! सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं. एकच कॅमेरा!"

लोकांनी बिचाऱ्यांनी ठेवले हो मोबाइल खिशात.

आधी सगळ्यांचे एकत्र फोटो घेतले. मग अण्णा खुर्चीत, आणि खंडोजीराव त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. अक्का म्हणाल्या, "खंडू, स्वल्प मागं सर. अण्णांच्या तोंडावर सावली पडते." तेवढंच. साधं वाक्य. पण मी त्यावर माझी भर घातली. खुर्चीमागची दिव्यांची आरास मला वितळवायची होती, आणि तिच्यासमोर एक आकृती हवी होती.

म्हणालो, "हां काका, तुम्ही मागेच बरे दिसता."

आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

खंडोजीराव मागे सरकले. किंचित वाकून त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांनी न बघता त्या हातावर आपला हात ठेवला. मी अण्णांच्या डोळ्यावर नेम धरला आणि बटण दाबलं. छत्तीस फोटोंचा रोल, आणि छत्तिसांतला एकूण एक फोटो मी भोक सताड उघडं ठेवून काढला.

रोल इंदिरानगरच्या एका लॅबमध्ये धुवायला दिला. आठवड्याने फोटो ईमेलवर आले. तो दोघा भावांचा फोटो बघून मी ऑफिसातच उभा राहिलो. काय फोटो होता! अण्णांच्या डोळ्यात दिव्याचा एक ठिपका. भुवयांचा केस न् केस. खांद्यावरून पुढे आलेला तो तेल मुरलेला, जाड नखांचा हात, आणि त्यावर अण्णांचा हात. आणि मागे... मागे लोणी. दिव्यांचे मोठमोठे गोळे, आणि त्यांच्यात एक उंचवटा. उंचवट्यावर पांढरट पट्टा. ती मिशी असणार.

मी तो फोटो आमच्या फिल्मवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. धडाधड कौतुक! 'मागचं काय वितळलंय!' 'मागचं एकदम मलई!' मी सगळ्यांना थँक्स म्हणत होतो. मागचं म्हणजे खंडोजीराव होते, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. शपथ घेऊन सांगतो.

मग मी त्याच्या दोन मोठ्या प्रती काढल्या आणि फ्रेम केल्या. एक अण्णांना दिली. दुसरी बोम्मसंद्र्याला पाठवली, आत 'सप्रेम भेट' असं लिहून.

आता तुम्ही विचाराल, अण्णांनी बघितल्यावर काही म्हटलं नाही? अण्णांनी फोटो जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान आहे." बस. दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले! त्यांना वाटलं, मोतीबिंदू वाढला. समोरचं दिसतं आणि मागचं दिसत नाही, हे त्यांनी डॉक्टरांना तपशीलवार सांगितलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळे आहेत तसेच आहेत. अण्णा गप्प घरी आले. आणि अक्का? अक्कांना वाटलं, महाग लेन्सचे फोटो असेच असतात. दोघांनीही माझं मन मोडू नये म्हणून मला काहीच सांगितलं नाही.

बोम्मसंद्र्यात मात्र कुणाला माझ्या मनाची पडलेली नव्हती.

सुमाने अक्कांना फोन केला. "काकू, आमच्या अप्पांचं तोंड का असं पुसलंय फोटोत?"

अक्का भाबडेपणाने म्हणाल्या, "अगं, ते चुकून नाही झालेलं. तो नितीन मुद्दामच करतो तसं."

झालं! मागं सर म्हणणाऱ्या अक्का. मागेच बरे दिसता म्हणणारा मी. वर हे 'मुद्दाम'. तुम्हीच सांगा, खंडोजीरावांच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? त्यांनी सरळ हिशोब मांडला. अकरा वर्षांपूर्वी आईच्या शेवटच्या दर्शनाला मला पोचू दिलं नाही. आता बोलावून घेतलं, मागे उभं केलं, आणि भाडेकरूकडून कॉम्प्युटरवर पुसून टाकलं.

चार दिवसांनी पार्सल आलं. तीच फ्रेम, कन्नड वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. अण्णांनी फोन लावला तर तिकडून कुणी उचलेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कांनी मला खाली बोलावलं. अण्णा दोन्ही फ्रेम मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी बोट त्या उंचवट्यावर ठेवलं.

"नितीन, मला खरं सांग. इथं तुला माझा भाऊ दिसतो?"

मी बघितलं. अहो, पहिल्यांदा बघितलं! तोवर मी फक्त लेन्सची करामत बघत होतो.

"नाही दिसत, अण्णा."

"मग माझे डोळे ठीक आहेत," अण्णा म्हणाले. ते रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी दोन्ही फ्रेम भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या आणि आत जाऊन पडले. अक्का म्हणाल्या, "काल जेवले नाहीत. आजपण नको म्हणतात."

मी वर आलो. मधुराला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाकीच्या पस्तिसांत कुठे दिसतात का खंडोजीराव?" रात्रभर आम्ही शोधले. एकात मागच्या रांगेत होते, पाटीवरचं अक्षर पुसावं तसे. दुसऱ्या एकात फक्त शर्ट. मधुराने लॅपटॉप मिटला. "तूच जा आता तिकडे," ती म्हणाली. "आणि हे बघ, शहाणपणा करू नकोस."

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मी कॅमेरा घेऊन मेट्रोने बोम्मसंद्र्याला गेलो. कारखान्याचं शटर अर्धं उघडं होतं. आत एकटे खंडोजीराव लेथवर उभे. आवाज असा की मी चार हाका मारल्या तरी त्यांनी वर पाहिलं नाही. शेवटी मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मशीन बंद केलं, चिंधीला हात पुसले.

"फोटोवाला," ते म्हणाले.

"हो, काका. माफी मागायला आलोय."

"बसा." त्यांनी पायाने स्टूल सरकवलं.

मी माफी मागितली, आणि मग नको तेच केलं. समजवायला लागलो! किरण कसे येतात, भोक मोठं असलं की कसे पसरतात, नेमाचं अंतर, मागचं अंतर. पत्र्यावरच्या धुळीत बोटाने आकृत्या काढल्या. कामगाराने बिघडवलेल्या पार्टची कारणं ऐकावीत तसं ते पंधरा मिनिटं ऐकत होते. मग म्हणाले, "खिडकीतनं बघताना मी दिसत होतो तुम्हाला?"

"हो."

"स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट, काका."

"आणि फोटोत मी असा धुक्यात जाणार, हे ठाऊक होतं?"

"होतं. पण तुम्ही म्हणून नाही. मागे जो असेल तो जातोच."

त्यांनी हात पुढे केला. मी कॅमेरा दिला. त्यांनी चष्मा चढवला आणि लेन्सवरची दुसरी, भोकाच्या आकड्यांची कडी हळूहळू फिरवली. टक, टक, टक. आयुष्यभर मशीनवर काम केलेला हात. कडी कशी बसवली आहे ते बघून त्यांनी मान डोलावली. मग आकडे वाचायला लागले. "एक पॉइंट एक... दोन... चार... आठ... सोळा. हे कशाला?"

"भोक लहान करायला."

"लहान केलं तर?"

"मागचंही स्पष्ट येतं."

"मी पण?"

"तुम्ही पण."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "करणाऱ्यानं सोळापर्यंत दिलंय. तुम्ही एकावरच का बसलात?"

पंधरा मिनिटांच्या किरणांचं काय झालं, ते तुम्हीच समजून घ्या. त्या सकाळी उजेड भरपूर होता, ती सबबही नव्हती. उत्तर एकच होतं, आणि ते फार लाजिरवाणं होतं. पण त्या माणसासमोर दुसरं काही बोलवेना.

"काका, आठावर कुठल्याही लेन्सचा फोटो सारखाच येतो. मग माझी लेन्स एवढी भारी आहे, ते कुणाला दिसणार?"

खंडोजीराव हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला.

"अक्कानं सांगितलं नव्हतं?"

"नाही. देवाशपथ."

"अण्णानं?"

"अण्णा तर डोळे तपासून आले, काका. त्यांना वाटलं, आपल्यालाच दिसत नाही. दोन दिवस जेवले नाहीयेत."

त्यांनी मान वळवून मशीनकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "अण्णा म्हणतो, आईच्या वेळी तीनदा फोन केला. मी म्हणत आलो, खोटं. फोन इथंच होता, या खिडकीत. तेव्हा कामं फार, तिन्ही मशिनं चालायची." माझ्याकडे वळले. "आत्ता तुम्ही किती हाका मारल्या?"

"चार."

"एकपण आली नाही कानावर."

आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी गप्प बसलो असेन. त्यांनी चिंधी घेतली, पुसलेलेच हात पुन्हा पुसले, फोन काढला आणि नंबर लावला. आयुष्यभराच्या मशीनच्या आवाजाने कानाला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर मोठा केला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

खंडोजीराव म्हणाले, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवलास का.

"नाही अजून," अण्णांचा आवाज आला. "तू?"

"नाही. जेवून घे, अण्णा. संध्याकाळी येतो मी."

"ये."

"तुझा तो फोटोवाला बसलाय इथं. अक्कानं काही सांगितलं नव्हतं म्हणतो. लेन्स भारी आहे, ते लोकांना दिसावं म्हणून त्याचं त्यानंच केलं."

"हं."

खंडोजीरावांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट न्याहाळलं, पार्ट पास करण्याआधी न्याहाळावा तसं. आणि फोनमध्ये म्हणाले, "बघितलं मी त्याला. खोटं बोलणारा माणूस नाही, अण्णा. दड्ड आहे."

दड्ड म्हणजे काय, ते ऑफिसातल्या कन्नड मित्रांनी मला आधीच शिकवलं होतं. दड्ड म्हणजे मठ्ठ.

"ते तू मला काय सांगतोस, खंडू?" फोनमधून अण्णा म्हणाले. "तीन वर्षं माझ्याच डोक्यावर राहतोय तो."

आणि दोघं भाऊ हसायला लागले. आधी खंडोजीराव, मग फोनमधून अण्णा, मग अण्णांना ठसका, तरीही हसतायत. अकरा वर्षांनी ते एकाच वेळी, एकाच गोष्टीवर पोट धरून हसत होते. ती गोष्ट तिथेच स्टुलावर बसून विचार करत होती की आपणही हसावं की नको.